पडद्यावरचे थोरले माधवराव

इंग्लंडमध्ये ट्यूडर घराण्यातील राजांवर चित्रपट आणि मालिका काढण्याचा उद्योग गेली कित्येक दशके अखंड चालू आहे. आठवा हेन्री १५०९ साली गादीवर आला तेव्हा त्याला अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. २००७ ते २०१० या काळात दाखविल्या गेलेल्या 'द ट्यूडर्स' या मालिकेने त्याला देखणा, तापट आणि विलासी तरुण म्हणून जगभर पोहोचवले. त्याचा मुलगा सहावा एडवर्ड १५४७ साली वयाच्या नवव्या वर्षी राजा झाला आणि १५५३ मध्ये, पंधराव्या वर्षी, छातीच्या विकाराने मरण पावला. हा एडवर्ड पडद्यावर दिसतो तो बहुधा आजारी, फिकट, थोरल्या बहिणींच्या कथेत अडथळा ठरणारा मुलगा म्हणून. वास्तविक त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे, आणि तीत नाण्यांचा कस घसरल्यामुळे उद्भवलेल्या प्रश्नांचीही नोंद आहे. परंतु नाण्यांचा कस हा विषय पोशाखी नाट्याला मानवत नाही.

आपल्याकडे याला अगदी समांतर असे उदाहरण आहे, ते थोरल्या माधवराव पेशव्यांचे. पानिपतच्या पराभवानंतर जून १७६१ मध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले आणि पुढच्याच महिन्यात सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवेपद आले. कारभार पाहायला काका रघुनाथराव. तिजोरी रिकामी, डोक्यावर कर्ज, निजाम दाराशी आणि दक्षिणेत हैदर अलीचा उदय. अकरा वर्षांनी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, सत्ताविसाव्या वर्षी त्यांचा थेऊर येथे क्षयाने अंत झाला आणि रमाबाई सती गेल्या. तरुण राजा, महत्त्वाकांक्षी काका, छातीचा रोग आणि अकाली मृत्यू ही नाट्याला लागणारी सारी सामग्री येथे आयती आहे. मराठी नाटककारांनी, कादंबरीकारांनी आणि पुढे पडद्याने तिचा भरपूर उपयोग केला. माझी तक्रार एवढीच आहे की या उपयोगात पती राहिला, पुतण्या राहिला, रोगी राहिला. राज्यकर्ता मात्र हळूहळू बाजूला सरकत गेला.

ही परंपरा थोडक्यात पाहू. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक १८६१ सालचे. माधवराव गादीवर आले त्याला बरोबर शंभर वर्षे झाली होती. मराठीतील पहिले स्वतंत्र गद्य ऐतिहासिक नाटक म्हणून त्याचा उल्लेख होतो. म्हणजे मराठी ऐतिहासिक नाटकाचा प्रारंभच या तरुण पेशव्यापासून झाला. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९६२ साली, रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी आली आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८० च्या दशकात गजानन जागीरदार यांनी तिच्यावर दूरदर्शनसाठी मालिका केली. रवींद्र मंकणी माधवराव होते आणि त्या वेळी ऐन किशोरवयात असलेल्या मृणाल देव रमाबाई. माझ्या पिढीतील असंख्य मराठी घरांत माधवरावांचा चेहरा म्हणजे मंकणींचाच चेहरा. पुढे मृणाल कुलकर्णी यांनी स्वतः 'रमा माधव' हा चित्रपट दिग्दर्शित केला, तो २०१४ चा. त्यात आलोक राजवाडे आणि पर्ण पेठे हे माधवराव-रमाबाई आहेत, तर पूर्वीचे माधवराव आणि रमाबाई, म्हणजे मंकणी आणि मृणाल कुलकर्णी, हे नानासाहेब आणि गोपिकाबाई झाले आहेत. एका पिढीने दुसरीकडे भूमिका सोपवाव्यात तसा हा प्रकार आहे आणि तो मनोज्ञ आहे. शेवटी कलर्स मराठी वाहिनीवर २०१९-२० मध्ये 'स्वामिनी' ही मालिका आली.

या शीर्षकांकडेच जरा पाहावे. 'स्वामी' या शब्दाला दोन अर्थ आहेत, धनी आणि पती. कादंबरीने हे दोन्ही अर्थ एकत्र वागवले होते. नंतरच्या कृतींची नावे 'रमा माधव' आणि 'स्वामिनी'. म्हणजे पहिला अर्थ मावळत गेला आणि दुसरा वाढत गेला. शनिवारवाड्याचा दिवाणखाना, देवघर, स्वयंपाकघर, सासू-सुनांचा अबोला, दीराची थट्टा, नथ आणि शालू यांना पडद्यावर जागा मिळाली. फड, म्हणजे जिथे शेकडो कारकून रोज राज्याचा जमाखर्च लिहीत, तो सजावटीपुरता उरला.

यात सारेच वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. जुन्या बखरींत आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत स्त्रियांना जवळजवळ जागाच नव्हती. गोपिकाबाई किंवा रमाबाई या हाडामांसाच्या व्यक्ती म्हणून सामान्य प्रेक्षकासमोर आल्या, ते या कृतींमुळे. दांपत्यप्रेमाचे चित्रण संयमाने केले गेले, हेही मान्य केले पाहिजे. आपल्या पेशव्याला कोणी विलासी, उघड्या छातीचा राजपुत्र केलेला नाही. ट्यूडर राजांच्या वाट्याला आलेली विटंबना माधवरावांच्या वाट्याला आली नाही. परंतु विटंबना टळली म्हणजे चित्र पूर्ण झाले असे होत नाही.

मग काय सुटले? प्रशासनाच्या व्यवसायात आयुष्य घालविलेल्या माणसाला जे सर्वप्रथम दिसते ते सांगतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे केवळ न्यायाधीश नव्हते, ते अर्थशास्त्रज्ञही होते. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या रोजनिशांना रानडे यांनी १९०० साली जी प्रस्तावना लिहिली, ती आजही राज्यकारभाराच्या विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. लढायांच्या वर्णनापलीकडे जाऊन या कागदांतून राज्य चालते कसे ते पाहावे, हा तिचा आग्रह आहे. नानासाहेबांच्या काळात, म्हणजे १७४० ते १७६० या वीस वर्षांत, सुमारे दीड कोटी रुपयांचे कर्ज काढले गेले आणि त्यावर शेकडा बारा ते अठरा व्याज होते, असे रानडे सांगतात. पानिपतचे दुःख आपण लाख बांगड्या फुटल्या या शब्दांत आठवतो. परंतु सोळा वर्षांच्या मुलासमोर दुसऱ्या दिवसापासून जे प्रश्न उभे होते ते सावकाराचे हप्ते, सैन्याचा थकलेला पगार आणि उजाड परगण्यांचा वसूल हे होते.

या प्रश्नांना माधवरावांनी दिलेले उत्तर कोणत्याही एका शूर कृत्यात नाही. ते एका पद्धतीत आहे. परगण्यावर कमाविसदार नेमायचा. परंतु त्याच्या हाताखालचे दरकदार, म्हणजे फडणीस, मुजुमदार, दफ्तरदार आदी अधिकारी, हे त्याच्या मर्जीने नेमले वा काढले जाणार नाहीत. त्यांची नेमणूक वरून होईल आणि हिशेबावर त्यांची स्वतंत्र नजर राहील. आज ज्याला आपण अंतर्गत लेखापरीक्षण म्हणतो, त्याचे हे अठराव्या शतकातील रूप होय. ही रचना माधवरावांनी शून्यातून निर्माण केली असे नाही. तिच्या मुळाशी जुने शिवकालीन संस्कारही आहेत. परंतु ती कसोशीने राबविली गेली ती त्यांच्या आणि पुढे नाना फडणिसांच्या काळात. कमाविसदार आणि दरकदार यांच्यातील रोजची ओढाताण हा ज्याने कधीही सरकारी कचेरी पाहिली आहे त्याला चटकन समजणारा संघर्ष आहे. पण पडद्यावर तो कोणी आणलेला नाही.

दुसरे उदाहरण वेठबिगारीचे. सरकारी अधिकाऱ्याचे ओझे गावकऱ्यांनी फुकट वाहून न्यावे, ही त्या काळची सार्वत्रिक रूढी. माधवरावांनी तिला मनाई केली. मनाई करणे सोपे असते. प्रश्न असतो तो अंमलबजावणीचा. वसईचा सुभेदार विसाजीपंत याने आपला मौल्यवान माल वेठीने वाहून नेवविला, ही खबर पेशव्यांना लागली. त्यांनी तो माल जप्त केला, शेतातून उठवून नेलेल्या लोकांना त्यांची मजुरी भरून दिली आणि नव्याने ताकीदपत्रे काढली. हा प्रसंग ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात नोंदवला आहे. त्याने आणखी एक बाब ध्यानात आणून दिली आहे. पेशव्यांची बातमी काढण्याची व्यवस्था इतकी पक्की होती की त्यानंतर हुकूम मोडण्याचे धाडस कोणाला होईना. येथे नाट्य नाही असे कोण म्हणेल? ओझ्याखाली वाकलेला कुणबी, कोकणातून पुण्याला पोहोचलेला गुप्त कागद, वजनदार सुभेदार आणि विशीतला धनी. एका पूर्ण भागाची ही कथा आहे.

तिसरी गोष्ट काका-पुतण्यांच्या कलहाची. ती पडद्यावर येते, परंतु घरगुती भांडण म्हणून. आनंदीबाईंची ईर्ष्या, गोपिकाबाईंचा ताठा आणि रघुनाथरावांचा भोळसट हट्ट या तीन खुंट्यांवर ती टांगली जाते. प्रत्यक्षात तो राज्यरचनेचा पेच होता. पेशवेपद वंशपरंपरेने चालू लागले, परंतु पेशवा अज्ञान असताना कारभाऱ्याचे अधिकार कोणते, ते कधी संपतात, पदावर भाऊबंदांचा हिस्सा असतो की नाही, याविषयी लिखित नियम काहीही नव्हता. रघुनाथराव अर्धे राज्य मागत होते ते या पोकळीचा फायदा घेऊन. १७६२ च्या अखेरीस घोडनदी-आळेगावच्या लढाईत माधवरावांचा पराभव झाला तेव्हा ते आपण होऊन काकांच्या छावणीत गेले आणि स्वाधीन झाले. राज्याची वाटणी होण्यापेक्षा स्वतःचा मान गेलेला बरा, हा तो हिशेब होता. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला, तो या हिशेबाचा परतावा. १७६८ मध्ये धोडपला त्यांनी काकांना पकडून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. परंतु मूळ पोकळी भरली नाही. सत्तावीस वर्षांच्या या कर्तबगार पुरुषाचे खरे अपयश मला येथे दिसते. मृत्यूपूर्वी त्यांनी आपल्या इच्छा नऊ कलमांत लिहवून घेतल्या, कर्जे फेडण्याची काळजी त्यात घेतली. काका आणि धाकटा भाऊ यांच्यातील प्रश्न मात्र विश्वासावर सोडला गेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. पेशवाईतला जो एकच सरकारी कागद मराठी माणसाला तोंडपाठ आहे, तो म्हणजे 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका असलेला. चांगल्या कारभाराचे हजारो कागद दफ्तरात पडून आहेत आणि लक्षात राहिला तो एक फिरवलेला कागद.

आता आम्ही जिथे राहतो त्या प्रांताविषयी. माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ मध्ये सावनूरला झाला, ते गाव आज कर्नाटकाच्या हावेरी जिल्ह्यात आहे. त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग हैदरविरुद्धच्या कर्नाटक मोहिमांत गेला. १७६७ च्या मोहिमेत शिरे आणि मधुगिरी घेतली गेली, आणि मधुगिरीच्या किल्ल्यात हैदरने कैदेत टाकलेल्या बिदनूरच्या राणीची सुटका झाली. बेंगळुरूहून पुण्याकडे जाणारा आजचा महामार्ग तुमकूरच्या अलीकडे दाबसपेठेवरून जातो. तिथून जवळच निजगलचा डोंगरी किल्ला आहे. १७७० मध्ये मराठी फौजेला या किल्ल्याने दीर्घकाळ झुंजवले. धाकटे बंधू नारायणराव तिथे जखमी झाले. अखेर चित्रदुर्गच्या नायकाच्या बेरड सैनिकांनी किल्ला सर केला. म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क विल्क्सने पुढचा प्रसंग सांगितला आहे. संतापलेल्या पेशव्यांनी पाडाव झालेल्या शिबंदीचे नाक-कान कापण्याचा हुकूम दिला आणि किल्लेदाराला समोर आणवून, तुलाही ही शिक्षा योग्यच नव्हे काय, असे विचारले. किल्लेदाराने शांतपणे उत्तर दिले की अवयव माझे जातील, पण बदनामी तुमची होईल. ते ऐकून पेशव्यांनी त्याला इजा न करता सोडून दिले.

हा प्रसंग आपल्या कोणत्याही माधवराव-चित्रात बसत नाही. तो क्रूर आहे. आणि त्याच क्रूरतेच्या मध्यावर खरे बोलणाऱ्या शत्रूपुढे थबकणारा माणूसही त्यात आहे. पंचवीस वर्षांचा, थकलेला, ज्याला बहुधा आपला आजार कळू लागला होता असा हा माणूस मला थेऊरच्या रोगशय्येवरील हळव्या मूर्तीपेक्षा अधिक खरा वाटतो. शिवाय ज्या कन्नड शेजाऱ्यांमध्ये आपण राहतो त्यांच्या पूर्वजांना मराठी फौज कशी दिसली असेल, याची थोडी कल्पना त्यातून येते. 'स्वामी'नंतर थोड्याच काळाने दूरदर्शनवर 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' ही हिंदी मालिका लागली. तीत हैदर आणि टिपू नायक होते आणि मराठे पलीकडच्या बाजूला. ही कथा कल्पित आहे अशी सूचना तिच्याबरोबर द्यावी लागली होती. माझ्या मते अशी सूचना 'आपल्या' बाजूच्या मालिकांनाही लावायला हरकत नसावी.

यावर एक आक्षेप येईल, तो मी अनेकदा ऐकला आहे. प्रेक्षकाला फायली नकोत, माणसे हवीत. जमाखर्च पाहायला दूरदर्शनसंच कोण लावील? त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले इंग्लंडमधलेच. ज्या ट्यूडर काळाचे 'द ट्यूडर्स'ने शयनगृह केले, त्याच काळावर हिलरी मँटेल यांच्या कादंबऱ्यांवरून २०१५ मध्ये बीबीसीने 'वुल्फ हॉल' ही मालिका केली. तिचा नायक राजा नाही. राजाचा कारभारी टॉमस क्रॉमवेल आहे. कागद, करार, हिशेब, साक्षी यांतून सत्ता कशी हलते हे तिने दाखविले, आणि प्रेक्षक खिळून बसला. दुसरे उत्तर घरचे आहे. प्रभात कंपनीचा १९४४ चा 'रामशास्त्री' हा चित्रपट एका न्यायाधीशावर आहे आणि त्याचा कळस लढाईत नसून निवाड्यात आहे. खुनाचा आरोप राज्यकर्त्यावर शाबीत होतो आणि न्यायासनावरचा माणूस तसे तोंडावर सांगतो. त्यात रामशास्त्र्यांची भूमिका करणारे गजानन जागीरदार हेच पुढे 'स्वामी'चे दिग्दर्शक. तेव्हा कारभारातले नाट्य आपल्याला साधत नाही असे नाही. ते आपण एकदा साधले होते आणि मग सोडून दिले.

हे सारे केवळ अभिरुचीचे प्रश्न असते तर मी एवढी शाई खर्च केली नसती. अशा चित्रणातून नकळत एक राजकीय शिकवण दिली जाते. राज्य चांगले चालते ते राजा मनाने चांगला असतो म्हणून. तो गेला की सारे संपते. म्हणून लोकांनी करायचे काय, तर चांगल्या राजाची वाट पाहायची आणि तो गेल्यावर रडायचे. पानिपतचे रणांगण मराठी राज्याला या पेशव्याच्या अकाली मृत्यूपेक्षा अधिक घातक ठरले नाही, अशा आशयाचे ग्रँट डफचे मत आपण अभिमानाने उद्धृत करतो. तेही याच शिकवणीला बळ देते. पण दफ्तर वेगळे सांगते. माधवराव गेले, नऊ महिन्यांत नारायणराव मारले गेले, गादीवर तान्हे मूल आले. तरीही बारभाईंनी कारभार सावरला आणि वसुलाची ती पद्धत पुढे अनेक वर्षे चालली. ती मोडली दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, जेव्हा परगणे सर्वाधिक बोली बोलणाऱ्याला मक्त्याने दिले जाऊ लागले. रानडे यांनी हा फरक फार स्पष्टपणे मांडला आहे. म्हणजे राज्य माणसाच्या मृत्यूने खचले खरे, परंतु पोखरले गेले ते पद्धतीच्या मृत्यूने.

महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाला शाळेच्या पुस्तकातून, गडांच्या सहलीतून, आजोबांच्या बोलण्यातून इतिहास थोडाफार तपासून घेता येतो. बेंगळुरूत, बडोद्यात, इंदुरात किंवा न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या हाती बहुधा पडदाच असतो. त्याची भाषाही त्या पडद्यावरून येते आणि त्याचे माधवरावही. त्या मुलाने उद्या कोणत्याही देशात मतदान करताना शासनाविषयी काय कल्पना बाळगावी, हे काही अंशी या मालिका ठरवीत असतात. म्हणून पुढचा दिग्दर्शक जेव्हा या विषयाला हात घालील, तेव्हा त्याने थेऊरचा घाट आणि रमाबाईंची वस्त्रे यांबरोबर वाड यांनी निवडलेल्या रोजनिशीचा माधवरावांवरील खंडही चाळावा. वसईच्या सुभेदाराची जप्ती, फडावरील दरकदाराचा शेरा, आळेगावच्या छावणीतली ती रात्र आणि निजगलच्या किल्लेदाराचे उत्तर ही चार दृश्ये जरी आली, तरी पती आणि रोगी यांच्याबरोबर राज्यकर्ताही पडद्यावर येईल.

तोपर्यंत वाचकांना एक सुचवतो. पुण्याला जाताना किंवा येताना दाबसपेठ लागेल तेव्हा मुलांना निजगलचा डोंगर दाखवावा आणि तिथे काय घडले ते दोन्ही बाजूंनी सांगावे. सांगायला दहा मिनिटे पुरतात. त्यावर मुले जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे शोधायला मात्र दफ्तराकडे जावे लागेल.